‘पडताळा’चा पहिला अंक

पहिल्या बैठकीला राजमतीबाईंनी सात जणांना बोलावलं होतं. आले एकटे लालासाहेब जगदाळे, तेही रहिमतपूरहून एसटीनं, दीड तास उशिरा. सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाईंनी शेजारून चार खुर्च्या मागून आणल्या होत्या आणि सकाळी उठून शिरा केला होता. दारात चपला काढता काढता लालासाहेबांनी त्या रिकाम्या खुर्च्यांवर नजर फिरवली.

“बाई, संपादक मंडळ लय मोटं दिसतंय.”

बाई हसल्या. मग दोघांनी शिरा खाल्ला आणि बैठक सुरू केली.

राजमती मगदूम सांगलीच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. माहेर नांद्र्याचं. माहेर म्हणायचं ते सवयीनं, कारण सासर झालंच नाही. वडील आदगोंडा मगदूम शेतकरी, पण मुलीला एम.एस्सी. होईपर्यंत शिकवलं. त्यानंतर दोन भावांची लग्नं आली, मग वडिलांचं दुखणं आलं, ते सहा वर्षं चाललं, आणि पुढं बाईंच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढेनासं झालं. त्यांनाही त्याचं फार वाटलं नाही. प्रयोगशाळा होती, पोरं होती, परीक्षा होत्या. निवृत्त झाल्यावर मात्र पहिल्याच जूनमध्ये त्यांच्या लक्षात आलं, की सोमवार आणि गुरुवार यांच्यात काही फरकच उरलेला नाही. फोन वाजायचा तो बँकेचा नाहीतर विम्याचा. रविवारी सकाळी नऊला तेवढा लालासाहेबांचा यायचा. ते त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, दोन वर्षं आधी निवृत्त होऊन रहिमतपूरला शेती बघायला गेले होते. वर्गात अगदी शुद्ध बोलणारा हा माणूस गावी गेल्यावर महिन्याभरात पुन्हा गावचं बोलायला लागला होता.

नियतकालिकाची कल्पना बाईंच्या डोक्यात बरीच जुनी होती. ती आली सयाजी नावाच्या एका विद्यार्थ्यामुळं. द्राक्षावरच्या बुरशीला कुठल्याशा रानपाल्याच्या अर्कानं आळा बसतो का, हे तो दोन वर्षं तपासत होता. आळा बसला नाही. अर्क दुप्पट केला, चौपट केला, तरी बुरशी आपली वाढतच राहिली. त्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, यात छापण्यासारखं काही नाही, विषय बदल. पोरानं विषय बदलला नाही, संशोधनच सोडलं. जाताना वही बाईंकडं ठेवून गेला. बाईंनी ती एका सुट्टीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. इतकी नेटकी, इतकी खरी वही त्यांनी आपल्या नोकरीत दुसरी पाहिली नव्हती. पुढं तीन वर्षांनी एका परीक्षेसाठी त्या दुसऱ्या गावी गेल्या, तर तिथं एक मुलगी तोच पाला, तीच बुरशी घेऊन बसलेली. तिला कुणी सांगणार तरी कसं? सयाजीचं काम कुठं छापलंच नव्हतं.

“म्हणून आपण तेच छापायचं,” बाई त्या बैठकीत म्हणाल्या. “जे जमलं नाही ते. आणि आधी कुणी केलेलं काम पुन्हा करून पाहिलं असेल, तर तेही. मराठीत.”

“नाव काय?”

“पडताळा.”

लालासाहेबांनी ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. “ब्येस हाय. पर एक सांगू का? लिवणाऱ्यास्नी एक अट घाला. सैपाक शिकवल्यावानी लिवायचं. काय घेतलं, किती घेतलं, कवा केलं. वाचणाऱ्याला घरी करून बघता आलं पायजे.”

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. संपादकीय भूमिकेचे त्यांनी पुढच्या महिन्यात आठ खर्डे केले. पहिला चार पानांचा होता, त्यात ज्ञान, समाज, मातृभाषा हे सगळे मोठे शब्द होते. प्रत्येक खर्ड्याला त्यातले दोन-तीन गळत गेले. आठवा एका पानाचा झाला. त्यात लिहिलं होतं: ‘इथं निकालापेक्षा पद्धत आधी वाचली जाईल. काही सापडलं नाही म्हणून लेख परत जाणार नाही. आधीचं काम चुकीचं निघालं तर ते कुणाचं आहे हे पाहिलं जाणार नाही.’ शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. खाली दोन नावं होती. संपादक राजमती मगदूम, सहसंपादक लालासाहेब जगदाळे.

ते पान त्यांनी सातारा-सांगलीतल्या चाळीसेक कॉलेजांना पाठवलं. फोन आले, पण सगळ्यांचा प्रश्न एकच.

“मॅडम, यादीत आहे का?”

कुठल्या नियतकालिकात लेख छापला की बढतीला धरतात, याच्या याद्या असतात. नव्या नियतकालिकाचं नाव तिथं कुठून असणार? बाई सरळ सांगायच्या, “नाही.” समोरचा माणूस चांगल्या शुभेच्छा देऊन फोन ठेवायचा. चार महिन्यांत सहा लेख आले. दोन इंटरनेटवरून जसेच्या तसे उचललेले. एकात तुळशीचं माहात्म्य. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी स्वतःच्या कवितांचं बाड पाठवलं, सोबत फोटो. बाईंनी प्रत्येकाला हातानं उत्तर लिहिलं. घरात दिवसभर कुणाशी बोलायचं नसलं, की पत्रं लांबतात. ती उत्तरंही लांबत गेली.

सातवा लेख जानेवारीत आला. शाझिया मुलाणी, औंध, जिल्हा सातारा. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी. लेखाचं नाव होतं, ‘शाळूच्या बियाण्याची साठवण: राखेचा उपयोग होतो का?’

नाव वाचूनच बाई ताठ बसल्या. लेखाच्या शेवटी आधारासाठी घेतलेल्या कामांची यादी होती. त्यात पहिलंच नाव: मगदूम आणि जगदाळे, १९९७.

बाईंच्या आख्ख्या आयुष्यातलं चार लोकांना ठाऊक असलेलं काम ते एवढंच. लालासाहेबांच्या आई रंगुबाई शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, बियाणं गोवऱ्यांच्या राखेत कालवून गाडग्यात भरायच्या आणि गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायच्या. तीन-तीन वर्षांचं बियाणं त्यांच्याकडं उगवायचं. बाईंनी आणि लालासाहेबांनी ते मोजून पाहिलं. राखेच्या गाडग्यातले शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवले, तर ऐंशीच्या वर उगवले. पोत्यातले तिसाच्या आसपास. लेख छापून आला, वर्तमानपत्रात बातमी आली, कृषी प्रदर्शनांतून पत्रकं वाटली गेली. ‘रंगुबाईंची पद्धत’ असंच नाव पडलं. गाडगं मांडीशी घेऊन बसलेल्या रंगुबाईंचा वर्तमानपत्रातला फोटो लालासाहेबांनी चौकट करून ओसरीवर लावला होता. म्हातारी जाऊन आता पंधरा वर्षं झाली होती.

शाझियानं तेच पुन्हा केलं होतं. फक्त एक गोष्ट जास्त. तिनं तीन गाडग्यांत राख घातली, तीन गाडग्यांत नुसतं बियाणं भरून तोंड लिंपलं. तीन वर्षांनी उघडलं, तर दोन्हीकडची उगवण सारखी. राखेचा काही संबंधच नव्हता. बियाणं टिकवत होतं ते बंद तोंडाचं कोरडं गाडगं.

बाई तिसऱ्या पानावर थांबल्या. पुढचं वाचायची गरज नव्हती. सव्वीस वर्षांत हे आपल्याला कुणी का विचारलं नाही, असं आधी वाटलं. मग वाटलं, आपल्याला तरी का सुचलं नाही? त्यांनी लोखंडी कपाट उघडून त्या वेळची वही काढली. सुचलं होतं. पान नऊवर त्यांच्याच अक्षरात होतं: ‘बिनराखेचं गाडगं: एक.’ आणि त्यावर काट. बाजूला लिहिलं होतं, ‘आणताना फुटलं. राहू दे.’

त्या दिवशी त्या दिवस मावळायच्या आत जेवायचं विसरल्या. बाईंच्या जैन घरात पिढ्यान्‌पिढ्या रात्री जेवत नाहीत. मग तशाच पाणी पिऊन पडून राहिल्या.

रविवारी लालासाहेबांचा फोन आला. लेख आलाय का काही, त्यांनी विचारलं. “एक आलाय,” बाई म्हणाल्या, “बघते अजून.” आणि ऊस तुटला का, त्यांच्या पत्नी सुलाबाईंचा गुडघा कसा आहे, असलं काहीबाही बोलून त्यांनी फोन ठेवला. खोटं असं त्या काही बोलल्या नव्हत्या, तरी दिवसभर तोंड कडू राहिलं.

स्वतःच्या चुकीवरचा लेख स्वतः तपासायचा नसतो, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी शाझियाचं नाव झाकून लेख विदर्भातल्या एका बियाणेतज्ज्ञांकडं पाठवला. ओळख ना देख. वीस दिवसांनी उत्तर आलं: ‘काम साधं आहे, चोख आहे. छापावं.’ तरीही बाईंना राहवलं नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्या एसटीत बसल्या, विट्याला गाडी बदलली आणि औंधला उतरल्या.

शाझिया घ्यायला आली होती. सडपातळ, तिशीतली, खांद्याला कापडी पिशवी. वाटेत यमाईच्या डोंगराकडं हात करून ती गावाबद्दल काही सांगत होती, पण आवाजात धाकधूक होती. घरी तिच्या आई मदिनाबी दारातच उभ्या होत्या.

“या की बाई, बसा. ह्या पोरीनं माजी गाडगी तीन वरीस अडकवून ठिवली. चटणी घालायला एक गाडगं मिळंना मला.”

मागच्या खोलीत भिंतीला लागून गाडगी मांडलेली होती, प्रत्येकावर खडूनं आकडा. शाझियानं एका राखीव ठेवलेल्या गाडग्याचं लिंपलेलं तोंड बाईंच्या देखत फोडलं. बाईंनी दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरून पाहिला. खणखणीत कोरडा. वह्या पाहिल्या. तारखा, दमटपणा, मोजणी, सगळं जागच्या जागी.

“मॅडम,” शाझिया एकदम म्हणाली, “लेख कुणाच्या विरुद्ध म्हणून नाही लिहिला मी. कॉलेजात तुमचाच लेख वाचून मला या कामाची गोडी लागली. लॉकडाउनमध्ये तासिका बंद होत्या, तेव्हा करायला घेतलं. आधी दुसरीकडं पाठवलं होतं. ते म्हणाले, यात नवीन काही नाही. तुमचं भूमिकेचं पान पाहिलं आणि... तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.”

बाईंनी दाणे पुन्हा गाडग्यात टाकले. “तुझं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “बिनराखेचं एक गाडगं आम्ही ठेवायला हवं होतं. ते फुटलं आणि मी दुसरं आणलं नाही. चूक माझी आहे, आणि ती मी तुझ्या लेखाखाली लिहिणार आहे.”

मदिनाबींना सगळं कळलं नसावं. त्या लेकीकडं बघत म्हणाल्या, “म्हंजी छापून येनार न्हवं?”

“येणार,” बाई म्हणाल्या.

औंधहून रहिमतपूर जवळच. हे फोनवर सांगायचं नाही, असं त्यांनी निघतानाच ठरवलं होतं. लालासाहेब गोठ्यापाशी होते. बाईंना अशा अचानक आलेल्या पाहून त्यांचा चेहरा उजळला. “आवं बाई! सांगायचं तरी, स्टँडवर आलो असतो की.” ओसरीवर बसल्यावर बाईंनी पिशवीतून लेख काढून त्यांच्या हातात दिला.

लालासाहेबांनी चष्मा लावला. आकड्यांचा माणूस, त्यांनी आधी तक्ताच काढला. बोट ओळीवरून फिरत गेलं आणि एका जागी थांबलं.

“ह्ये छापणार तुमी?”

“हो.”

“आपल्या पयल्या अंकात.”

“सर, आपण भूमिकेत लिहिलंय. कुणाचं काम आहे हे पाहिलं जाणार नाही.”

“लिवलंय की. मला म्हाईत हाय काय लिवलंय.” त्यांनी लेख मांडीवर ठेवला. “ह्ये आपलं काम न्हवं बाई. आपलं असतं तर मी हसत छापलं असतं. ह्ये माज्या आईचं हाय. अडाणी बाई, पर तिच्या नावाचं पत्रक निघालं. बँकेत कर्ज मागायला गेलो तवा मॅनेजर म्हणला, ते रंगुबाईंचं घर का तुमचं?”

“पद्धत त्यांची खोटी ठरत नाही. बियाणं टिकतच होतं. गाडगं त्यांचंच होतं, तोंड त्याच लिंपत होत्या. राखेमुळं टिकतं असं आपण म्हणालो. त्या कधी म्हणाल्या होत्या?”

“त्ये तुमाला कळतंय, मला कळतंय. लोकं ‘चुकलं’ एवढंच वाचत्यात.”

लालासाहेबांनी लेखाची घडी करून परत दिली, अगदी सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवून. “छापा तुमी. न्हाई म्हणत न्हाई. पर माजं नाव त्या अंकावर नगं.”

सुलाबाईंनी जेवायला वाढायला घेतलं होतं. बाईंचा नेम त्यांना ठाऊक होता, दिवस आहे तोवर जेवून जावा म्हणाल्या. बाईंनी गाडीची वेळ झाली असं सांगितलं. सुलाबाईंनी मग भाकरी आणि पिठलं कागदात बांधून दिलं. लालासाहेब स्टँडवर सोडायला आले नाहीत. कराडच्या गाडीत, मसूर गाव मागं पडल्यावर, उसाच्या रानांवर पिवळं ऊन होतं तेव्हा बाईंनी पुडी उघडली. शेजारच्या बाईनं विचारलं, “कुनाकडं गेला हुता?” राजमतीबाईंना पटकन सांगताच आलं नाही. “पाव्हण्यांकडं,” त्या म्हणाल्या.

अंक एप्रिलमध्ये निघाला. छत्तीस पानं, तीन लेख. एक शाझियाचा, एक सयाजीच्या जुन्या वहीवरून त्याच्या परवानगीनं तयार केलेला, तिसरा एका शिक्षिकेचा, विहिरींच्या पाण्यावरचा. शाझियाच्या लेखाखाली संपादकाची नोंद होती, आठ ओळींची. फुटलेलं गाडगं, वहीतली काट, सगळं त्यात होतं. रंगुबाईंबद्दल शेवटी एक ओळ होती, की बंद गाडग्यात बियाणं टिकतं हे त्यांना आमच्या आधीपासून ठाऊक होतं. मुखपृष्ठाच्या आत संपादकाचं एकटं नाव. छापखान्यातल्या वसीमनं विचारलं होतं, “मॅडम, इथं खाली जागा रिकामी दिसतीय. काही टाकू का? फूल वगैरे?” बाई म्हणाल्या, “राहू दे तशीच.”

दोनशे अंकांवर पत्ते त्यांनी स्वतः लिहिले. रहिमतपूरचा सगळ्यात आधी टाकला.

मग काही झालं नाही. अंक निघाला की काहीतरी होईल, असं त्यांना का वाटत होतं कुणास ठाऊक. पाच-सहा पत्रं आली. एका जुन्या सहकाऱ्यानं फोन करून सांगितलं, “स्वतःचीच चूक छापलीत, कमाल आहे तुमची.” त्यात कौतुक किती आणि कीव किती, हे त्यांना उमगलं नाही. शाझियाच्या कॉलेजात तो लेख धरला गेला नाही. रविवारी नऊ वाजता बाई फोन जवळ घेऊन बसायच्या, साडेनऊपर्यंत. पहिले काही आठवडे स्वतःहून लावावा असं वाटायचं, पण लावून बोलायचं काय? जे केलं त्याबद्दल माफी मागायची नव्हती, आणि त्याशिवाय बोलण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. जूनपासून त्यांनी रविवारी सकाळी बाजाराला जायची सवय लावून घेतली. भाजीवाल्याशी तेवढंच बोलणं व्हायचं.

जुलैच्या सुरुवातीला कॉलेजातल्या एका जुन्या शिपायाच्या मुलाचं लग्न कराडला होतं. बाई गेल्या. मंडपात अक्षता पडल्यावर पाहतात तर दोन रांगा सोडून लालासाहेब. थोडे वाळल्यासारखे वाटले. दोघं जेवणाच्या रांगेत शेजारी आले, तेव्हा पावसाचं बोलणं झालं, गुडघ्याचं झालं. मग लालासाहेबांनी हातातल्या ताटाकडं बघत म्हटलं,

“अंक मिळाला.”

“वाचलात?”

“दोनदा.” त्यांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं. “पान अकरा. बिनराखेच्या गाडग्यांची सरासरी त्र्याऐंशी छापलीया. ऐंशी, त्र्याऐंशी आन ब्याऐंशी. बेरीज दोनशे पंचेचाळीस. तिनानं भागा. ब्याऐंशीबी पुरतं येत न्हाई.”

बाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. चेहरा तापला. मूळ हस्तलिखितात बरोबर होतं. मुद्रित त्यांनी तीनदा वाचलं होतं, दरवेळी एकटीनं.

“तुम्ही असतात तर सापडलं असतं,” त्या म्हणाल्या.

“व्हय,” लालासाहेब म्हणाले. “सापडलं असतं.” तेवढ्यात वाढप्यानं त्यांच्या ताटात जिलेबी टाकली, मागच्या माणसानं पुढं सरका म्हटलं आणि रांग दोघांना वेगवेगळ्या टेबलांकडं घेऊन गेली. जेवण झाल्यावर बाईंनी शोधलं, पण ते रहिमतपूरच्या गाडीला निघून गेले होते.

दुसरा अंक ऑक्टोबरमध्ये आला. त्यात पहिल्याच पानावर चौकटीत दुरुस्ती होती: मागच्या अंकातला आकडा, बरोबरचा आकडा, आणि खाली, ‘ही चूक प्रा. लालासाहेब जगदाळे, रहिमतपूर यांनी लक्षात आणून दिली.’ नाव छापू का, असं बाईंनी पोस्टकार्डानं विचारलं होतं. उलट टपाली चार शब्द आले होते: ‘छापा. हरकत न्हाई. लालासाहेब.’ पुन्हा सहसंपादक व्हाल का, हेही त्याच कार्डात विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यात नव्हतं. शाझियानं मात्र मुद्रितं वाचायला घेतली आहेत. ती औंधहून फोनवर आकडे मोठ्यानं वाचते आणि बाई सांगलीत बोट ठेवून ऐकतात. त्यात महिन्यातले दोन दिवस जातात.

परवा पाटणहून अर्जुन नावाच्या एका शिक्षकाचा लेख आला. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यावर लहानपणी पाहिलेला बेडूक तो चार पावसाळे शोधत होता. बेडूक मिळाला नाही. सोबतच्या चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं, ‘काहीच हाती लागलं नाही, तरी पाठवतोय. तुम्हाला वाचायला वेळ आहे का?’

बाईंनी कागद पुढं ओढला आणि लिहायला सुरुवात केली. वेळ आहे, असं त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं. मग विचारलं, ओढ्यावर दिवसातून किती वाजता जात होतात, पाण्याची खोली मोजली होती का, आणि बरोबर दुसरं कुणी होतं की एकटेच होतात.